खापरावरची अक्षरं: जेरुसलेम ते दिमोना

रविवार, जेरुसलेम

बोगद्याच्या तोंडाशी तिकीट तपासणाऱ्या मुलीने आधी माझ्या उंचीकडे बघितलं, मग नवऱ्याच्या. ‘‘त्यांच्या गुडघ्यापर्यंत, तुमच्या मांडीपर्यंत,’’ ती म्हणाली. आमच्या विजेऱ्या पेटतायत ना ते पाहिलं आणि दिलं पाण्यात सोडून.

हा हिज्कीयाचा बोगदा. पर्यटक ज्याला जुनं जेरुसलेम म्हणतात तो कोट सोळाव्या शतकातला, तुर्की सुलतान सुलेमानाने बांधलेला. बायबलमधल्या दाविद राजाचं म्हणून सांगतात ते मूळ गाव या कोटाच्या बाहेर, दक्षिणेला उतरत गेलेल्या एका चिंचोळ्या सोंडेवर आहे. गीहोन झऱ्याच्या आधाराने ते वसलं, आणि झरा अगदी खाली, उताराच्या पायथ्याशी. वेढा पडला की शत्रूची पहिली नजर पाण्यावर जाणार. इ.स.पू. आठव्या शतकाच्या शेवटी अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून येणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा यहूदाचा राजा हिज्कीया याने झऱ्याचं पाणी डोंगराच्या पोटातून गावाच्या दुसऱ्या टोकाला वळवलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बायबलमधल्या ‘२ राजे’ या पुस्तकात हे सगळं काम जेमतेम एका ओळीत उरकलंय. आत शिरल्यावर त्या ओळीची लांबी ५३३ मीटर भरते.

बोगदा सरळ नाही, चांगला नागमोडी आहे. दोन टोळ्या दोन टोकांकडून खणत आल्या आणि मध्ये भेटल्या. भेटीच्या जागी छिन्नीच्या घावांची दिशा उलटते. भिंतीवरून हात फिरवला की बोटांना कळतं. आमच्यापुढे शाळकरी मुलांचा जथा होता. पाणी गार म्हणून ती मुलं मोठमोठ्याने गात होती आणि मागून त्यांचे गुरुजी त्याहून मोठ्याने ‘हळू, हळू’ असं काहीतरी ओरडत होते. एकाची विजेरी पाण्यात पडून विझली, तर त्याने सरळ माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि उरलेली वाट माझ्यामागून काढली.

१८८० साली अशाच काही पोरांना इथे खेळताना भिंतीवर अक्षरं दिसली. मूळ शिलालेख आज इस्तंबूलला आहे, कारण तेव्हा राज्य तुर्कांचं होतं. लेखात काय आहे? शेवटचे तीन हात खडक उरला असताना पलीकडच्यांचे आवाज ऐकू आले, मग कुदळीला कुदळ भिडली, आणि पाणी बाराशे हात वाहत तलावाला मिळालं. बस्स. ना राजाचं नाव, ना देवाचं. आपल्याकडे साध्या दानलेखातही राजाची बिरुदं, शक, आणि मोडणाऱ्याला गधेगाळाची तंबी असते. इथे ज्यांनी दगड फोडला त्यांनी तो कसा फोडला एवढंच सांगितलंय. पुढचे दिवस हीच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटत राहिली. या लोकांची राज्यं बेताची, इमारती बहुतेक पडक्या. लिहून ठेवलेलं मात्र टिकलंय, आणि तेही बऱ्याचदा हलक्या, फालतू वाटणाऱ्या वस्तूंवर.

(जाणार असाल तर: पाण्यात चालतील असे पट्ट्याचे सँडल, सुका पायजमा आणि विजेरी हवीच. कोंडल्यासारखं होत असेल तर शेजारून जुना कनानी बोगदा आहे, तो कोरडा आणि आखूड. वर आल्यावर तिळाचं लांबट ‘काक’ आणि त्यासोबत कागदाच्या पुडीत झातर हा मसाला मिळाला तर घ्या. ओल्या कपड्यांत उभ्याने खाल्लेलं ते काक आम्हाला भलतंच आवडलं.)

सोमवार, जेरुसलेम

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, वाचतात, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीपाशी तेरा वर्षांच्या मुलांचे बार मित्स्वा (आपल्या मुंजीसारखे) ठरलेले. आम्ही आठलाच पोचलो. ही भिंत ज्यूंच्या जुन्या मंदिराची नव्हे. राजा हेरोदाने मंदिराचा चौथरा वाढवला, त्याच्या भरावाला आधार म्हणून ती बांधली. मंदिर इ.स. ७०मध्ये रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने जाळलं, आधार तेवढा उरला. पुरुषांचा भाग वेगळा आणि मोठा, बायकांचा लहान. त्यामुळे मुलगा पलीकडे वाचतोय आणि आई, आजी, माम्या, मावश्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चढून आडोशावरून माना ताणताहेत. शेजारच्या आजीने काही न बोलता माझ्या ओंजळीत टॉफ्या ओतल्या. वाचन संपलं तसा तिने मला ढोसलं आणि आम्ही सगळ्यांनी पलीकडे टॉफ्यांचा मारा केला. माझी एक नेमकी कुणाच्या तरी काकांच्या टोपीवर.

मुलाच्या हातात चांदीची बारीक काठी होती, टोकाला बोट कोरलेलं. चर्मपटाला हात लावायचा नाही, त्या बोटाने ओळ धरून वाचायचं.

दुपारनंतर इस्राएल म्युझियम. इथे अख्खा दिवस द्यायला हवा. ‘ग्रंथाचं देवालय’ ही तिथली वेगळी इमारत १९६५ची. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत ज्या मडक्यांत जुने चर्मपट सापडले, त्यांच्या झाकणासारखा तिचा पांढरा घुमट घडवलाय, आणि त्यावर सतत पाणी उडत असतं. मधोमध यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा मोठा चर्मपट गोल मांडलाय. ती प्रत आहे. मूळ पट सव्वासात मीटरहून थोडा लांब, चोपन्न रकान्यांचा, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. लिपी येत नसली तरी बघत राहावं असा आहे, कारण त्यात माणूस दिसतो. लिहिणाऱ्याचा शब्द सुटलाय, मग कुणीतरी तो दोन ओळींच्या मध्ये वर घातलाय. समासात खुणा आहेत. अक्षरं आखलेल्या रेघेवर बसत नाहीत, रेघेला खालून लटकतात, आपल्या शिरोरेघेखाली अक्षरं लटकतात तशी. नवरा म्हणाला, ‘‘म्हणून ओळखीचं वाटतंय.’’

या शोधाआधी हिब्रू बायबलची हाती असलेली मोठी हस्तलिखितं दहाव्या-अकराव्या शतकातली होती. चर्मपट मिळाले आणि एका फटक्यात हजार वर्षं मागे जाता आलं. यशया बऱ्यापैकी तोच निघाला, हे गाइड आवर्जून सांगतात. त्याच गुहांमध्ये यिर्मयाची एक प्रत अशीही मिळाली की तिच्यातला मजकूर आजच्या प्रतीपेक्षा बराच आटोपशीर आहे आणि जुन्या ग्रीक भाषांतराशी जुळतो. हे मात्र ते सांगत नाहीत. म्हणजे तेव्हा एकाच ग्रंथाच्या दोन प्रती एकाच समाजात सुखाने नांदत होत्या. पुण्यात भांडारकर संस्थेच्या महाभारताचे पाठभेद ज्यांनी चाळलेत त्यांना याचा धक्का बसणार नाही. उलट ग्रंथ जिवंत असल्याची ही खूण वाटते.

मुख्य इमारतीत दोन छोट्या वस्तू शोधून बघा. पहिली तेल दान (‘तेल’ म्हणजे जुन्या वस्तीची टेकडी) इथली, १९९३-९४मध्ये तुकड्यातुकड्यांनी मिळालेली शिळा. एका अरामी राजाने इ.स.पू. नवव्या शतकात कोरून घेतलीय, आणि त्यात ‘दाविदाच्या घराण्या’चा उल्लेख आहे. बायबलबाहेर दाविदाच्या नावाचा इतका जुना दाखला दुसरा नाही, आणि तो आहे त्याच्या वंशजाला मारल्याच्या फुशारकीत! ‘इस्राएल’ हे नाव पहिल्यांदा येतं तेही इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या, इ.स.पू. १२०८च्या सुमाराच्या विजयस्तंभावर. त्याने लिहिलंय की इस्राएल उजाड झालं, त्याचं बी उरलं नाही. शत्रूंनी इतक्या वेळा संपवल्याचं लिहून ठेवलं म्हणून तर ही माणसं तेव्हा होती हे आपल्याला कळतं.

दुसरी वस्तू म्हणजे केतेफ हिन्नोमचे चांदीचे दोन पत्रे. मोठा उलगडल्यावर दहा सेंटिमीटरही भरत नाही, लहान चार सेंटिमीटरांचा. १९७९ साली गाब्रिएल बारकाय यांना एका थडग्यात ते सिगारेटीच्या थोटकाएवढ्या गुंडाळ्यांच्या रूपात मिळाले. इ.स.पू. सातवं-सहावं शतक, गळ्यात बांधायचा ताईत. आत ‘गणना’ या पुस्तकातला पुरोहितांचा आशीर्वाद: यहोवा तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो, तो आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो. बायबलचा मजकूर असलेली याहून जुनी वस्तू आजवर सापडलेली नाही. काचेला लावलेलं भिंग सरकवून बघताना मागे रांग लागते, तरी हलू नका.

मंगळवार, कुमरान

गाडी भाड्याने घेऊन जेरुसलेमहून निघालो. रस्ता समुद्रसपाटीच्या खाली उतरत जातो तसे कानात दडे बसतात. वर स्वेटर, खाली तासाभरात हाफ शर्ट.

कुमरानचे अवशेष म्हणजे गुडघाभर भिंती, पाण्याच्या टाक्या, पायऱ्यांची स्नानकुंडं. समोर घळीपलीकडे चौथी गुहा दिसते, फोटोत असते तशीच. तिथे पट मडक्यांत नव्हते, नुसता चुरा. हजारो तुकडे, आणि ते जुळवण्यात विद्वानांच्या पिढ्या गेल्या. पहिली गुहा ताआमिरे टोळीच्या मेंढपाळांना सापडली, १९४७च्या आसपास. त्यांनी पट बेथलेहेमच्या कांदो नावाच्या चांभाराला दिले, तो जुन्या वस्तूंचाही धंदा करायचा. प्राध्यापक सुकेनिक यांनी बेथलेहेमला जाऊन त्यातले पहिले पट हाती घेतले ते २९ नोव्हेंबर १९४७ला, ज्या दिवशी संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीचं मतदान झालं. उरलेले चार अमेरिकेत पोचले आणि १९५४ साली वर्तमानपत्रात ‘विकणे आहे’ अशी छोटी जाहिरात आली. सुकेनिक यांचे चिरंजीव यिगाएल यादीन यांनी ते मध्यस्थामार्फत अडीच लाख डॉलरला घेतले.

उपाहारगृहात काम करणारा एक पोऱ्या ताआमिरेचाच निघाला. मी मोठ्या उत्साहाने गुहेबद्दल विचारलं, तर तो हसून म्हणाला, ‘‘आमच्या गावात प्रत्येकाचा आजोबा त्या गुहेत होता. एवढे आजोबा त्या गुहेत मावले कसे, विचारू नका.’’

इथे लिहिणारे लोक कोण होते यावर वाद आहे. एस्सीन या ज्यू पंथाचे संन्यस्त, असं फादर द व्हो यांनी १९५०च्या दशकात उत्खनन करताना मांडलं आणि बरेच जण अजून तेच मानतात. जागेवर शाईच्या दौती मिळाल्यात. पण इतके हात, इतक्या शैली बघता बरेच पट बाहेरून, कदाचित जेरुसलेममधून, लपवायला आणले असावेत असं मलाही वाटतं. एस्तेरचं पुस्तक सोडलं तर हिब्रू बायबलच्या प्रत्येक पुस्तकाचा काही ना काही तुकडा इथे आहे.

दुपारी दक्षिणेला निघालो तर पोलिसांनी रस्ता अडवलेला. आकाश निळं, वारा नाही, आणि म्हणे पूर! पाऊस पहाटे वर जेरुसलेमच्या डोंगरात पडला होता. तो कोरड्या घळींमधून काही तासांनी खाली येतो आणि मृत समुद्राकडे जाताना रस्ता ओलांडतो. गाड्यांची रांग लागली, लोक उतरून काठावर उभे राहिले. मग आवाज आला, आधी खडखड, मागून पाणी. चॉकलेटी रंगाचं, झुडपं आणि धोंडे घेऊन. ‘नेगेबातल्या ओढ्यांप्रमाणे आमचे दिवस फिरव’ अशी एका स्तोत्रात प्रार्थना आहे (नेगेब म्हणजे दक्षिणेचं वाळवंट). ती मला नेहमी गुळमुळीत वाटायची. कोरड्या ठणठणीत घळीत दहा मिनिटांत नदी उभी राहते हे बघितल्यावर तिच्यातली मागणी केवढी जबर आहे ते कळलं.

रस्ता अंधार पडल्यावर उघडला. तोवर आमच्या चकल्या एका हंगेरियन जोडप्याच्या आणि बसच्या ड्रायव्हरच्या पोटात गेल्या. त्याने बदल्यात खजूर दिले, मेजूल जातीचे, अंगठ्यापेक्षा जाड. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी रोज सकाळी पुराचा इशारा बघावा आणि त्या दिवशी पुढे काही ठरवू नये.

बुधवार, मसादा

चढायची साप-वाट पावसामुळे बंद. मला बरंच वाटलं. पाळण्याने तीन मिनिटांत वर.

मसादाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: मंदिर पडल्यावर शेवटचे बंडखोर इथे राहिले, रोमनांनी पश्चिमेकडून भराव घातला, आणि तट फुटल्यावर, रोमन आत शिरायच्या आदल्या रात्री ९६० जणांनी एकमेकांना मारून घेतलं. ही गोष्ट फक्त जोसेफस हा ज्यू इतिहासकार सांगतो, आणि तो तेव्हा रोमनांच्या आश्रयाला होता. उत्खननात इतक्या माणसांची हाडं काही मिळालेली नाहीत. खाली रोमन छावण्यांचे चौकोन मात्र आजही वाळूत स्वच्छ दिसतात, भरावही जसाच्या तसा. वेढा खरा, रात्रीचं भाषण जोसेफसच्या लेखणीचं.

मला रस होता वायव्य कोपऱ्यातल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात. यादीन यांना १९६०च्या दशकात तिथल्या मागच्या छोट्या खोलीत जमिनीखाली पुरलेले पटांचे तुकडे मिळाले. एक ‘अनुवाद’ या पुस्तकाचा, दुसरा यहेज्केलचा, आणि त्यात सुक्या हाडांच्या खोऱ्याचा अध्याय. जीर्ण ग्रंथ जाळत नाहीत, पुरतात.

आता त्याच खोलीत काचेमागे एक सोफेर, म्हणजे तोरा लिहिणारा लेखनिक, बसलेला असतो. दाढी, चष्मा, टेबलावर दिवा, शेजारी वाफाळता कॉफीचा पेला (पटापासून हातभर लांब). जनावराचं कातडं, बोरू, घरी केलेली शाई. तोरेत ३,०४,८०५ अक्षरं. पाठ असलं तरी पाठावरून लिहायचं नाही, समोर प्रत हवी. एक अक्षर गळलं तर तो पट वाचायला चालत नाही. नवऱ्याने काचेतून खुणेने विचारलं, चुकलं तर? त्याने चाकू दाखवला, खरवडल्याची खूण केली. मग एका शब्दावर बोट ठेवून मान हलवली. देवाचं नाव खरवडता येत नाही. मग अख्खा तुकडा बाजूला.

गुरुवार, तेल अराद

नेगेबच्या कडेला टेकडीवर यहूदाच्या राज्याची छोटी गढी. पर्यटक म्हणाल तर आम्ही दोघं आणि शेळ्यांचा एक कळप. या गढीत चक्क देऊळ आहे! अंगण, यज्ञवेदी, पायऱ्या चढून छोटा गाभारा, गाभाऱ्यात उभे दगड आणि धुपाच्या दोन वेद्या. (मूळ गाभारा जेरुसलेमच्या म्युझियममध्ये, जागेवर नक्कल.) बायबल तर बजावून सांगतं की यज्ञ फक्त जेरुसलेमात. ग्रंथातला नियम आणि रानातला रिवाज यांतली फट इथे डोळ्यांनी दिसते. पुढे कधीतरी या वेद्या फोडल्या नाहीत. आडव्या निजवल्या आणि वर माती टाकली. हिज्कीयाने बाहेरची पूजास्थानं बंद केली असं ग्रंथ म्हणतो, त्याच्याशी याचा मेळ घालतात.

परत आल्यावर, लॉकडाऊनमध्ये या टिपणांची वही काढली त्याच दिवसांत बातमी आली: त्या दोन वेद्यांवरच्या काजळीची तपासणी झाली, मोठीवर ऊद आणि लहानीवर गांजा. नवऱ्याने फोन माझ्यापुढे धरला आणि दिवसभर ‘बम भोले’ करत फिरला.

अरादची खरी दौलत खापरांवर आहे. फुटक्या मडक्यांचे तुकडे हा तेव्हाचा स्वस्त कागद. इ.स.पू. ६००च्या सुमाराला एल्याशीब नावाच्या कोठीवाल्याला आलेल्या चिठ्ठ्या: अमक्यांना इतकी दारू दे, इतकं पीठ दे, तेल मोहोर करून पाठव. तेल अवीव विद्यापीठाच्या गटाने २०१६ साली सोळा लेखांची संगणकावर छाननी केली तेव्हा निदान सहा वेगळे हात निघाले. या कोपऱ्यातल्या चौकीतही सुभेदारापासून कोठीवाल्यापर्यंत लोक लिहीत होते. आणि याच पिढ्यांमध्ये, जेरुसलेम पडायच्या आधी नि नंतर, बायबलचा मोठा भाग लिहिला-संपादला गेला असं आजचे बरेच संशोधक मानतात.

शुक्रवार ते रविवार, दिमोना

शुक्रवारी सकाळी वाटेत तेल बैर-शेबा केलं. तिथेही वेदी, चार कोपऱ्यांना शिंगं, पण तिचे दगड कोठाराच्या भिंतीत चिणलेले मिळाले. अब्राहामाची विहीर म्हणून दाखवतात. अब्राहामाचा पुरावा मातीत नाही, आणि तो शोधायला आम्ही गेलोही नव्हतो. हेल्मेट घालून जमिनीखालच्या टाक्यात उतरता येतं. इथला भर दुपारचा गारवा सोडवत नाही. शुक्रवारी साइट लवकर बंद होतात, दुकानं दोनपर्यंत. बस तर संध्याकाळी विसराच.

दिमोना जगाला ठाऊक आहे अणुभट्टीमुळे. आम्हाला ते ठाऊक होतं मावशींमुळे. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. अलिबागच्या इस्राएल आळीत माझ्या आजोळच्या शेजारी राहायच्या, साठच्या दशकात इकडे आल्या. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, ‘‘किती गो वाळलीस! बस आधी.’’ घरात ओल्या खोबऱ्याचा आणि तळलेल्या पापलेटाचा वास. मांसासोबत दूध चालत नाही, म्हणून यांच्या रश्शाला कायम नारळाचं दूध. खवलं आणि पर नसलेला मासा नाही, म्हणून कोळंबी नाही.

सूर्यास्ताआधी मेणबत्त्या लागल्या. मावशींच्या मुलाने आपल्या दोन्ही मुलांच्या डोक्यावर हात ठेवून हिब्रूत काही म्हटलं. मी सहज विचारलं तर तो म्हणाला, ‘‘ते नेहमीचंच. यहोवा तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो.’’ सोमवारी भिंगातून बघितलेलं. धाकट्याचं लक्ष पापलेटाकडे होतं.

शनिवारी ना फोन, ना गाडी, ना फोटो. त्यामुळे गप्पा. नौगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही बेने इस्राएलांची परंपरा. त्याला कागद नाही, काळाबद्दल विद्वानांची मतं निरनिराळी. मावशींना त्याची फिकीर नव्हती. ‘‘पोथी गेली समुद्रात. तोंडात शेमा राहिला.’’ शेमा म्हणजे ‘ऐक, हे इस्राएला, यहोवा आमचा देव, यहोवा एकच आहे.’ जन्माला तोच, लग्नात तोच, मयताला तोच. कोकणात यांचे तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली. आठव्या दिवशी सुंता. सणांची हिब्रू नावंही विस्मरणात गेलेली; त्यांनी मराठीत ठेवली. नवं वर्ष तो नव्याचा सण, योम किप्पूर दारफाळणीचा सण, मंदिराच्या विध्वंसाच्या उपासाला बिरड्याचा सण. वाल मोडून केलेलं बिरडं आणि जेरुसलेमची राख! इतिहासात मी याहून अनपेक्षित जोडी पाहिलेली नाही.

पुढे ग्रंथ परत आला, तोही मराठीतून. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, मग हग्गादाची, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायच्या पोथीची, भाषांतरं निघाली. मावशींकडे १८७४च्या पुण्याच्या हग्गादाची छायाप्रत आहे. त्यातल्या चित्रात नऊवारी नेसलेल्या बायका बेखमीर भाकऱ्या लाटताहेत.

इथे आल्यावर मात्र धर्मपीठाने शंका काढली: इतकी शतकं नियमांच्या पोथ्या नव्हत्या, मग तुमची लग्नं, घटस्फोट शास्त्राला धरून झाले कशावरून? जेरुसलेमला धरणं धरावं लागलं, १९६४मध्ये संसदेने सर्व बाबतींत समान ज्यू म्हणून ठराव केला. हे सांगताना एवढा वेळ हसऱ्या मावशी पहिल्यांदा तडकल्या. ‘‘पोथी असणाऱ्यांनी मोडलं असेल. आम्ही कधी मोडलंय?’’ मला तरी याचं उत्तर सुचलं नाही. आठवडाभर मी लिहिलेल्या अक्षरांच्या मागे हिंडत होते, आणि समोर अशी माणसं बसली होती ज्यांनी एका ओळीवर निभावून नेलं.

रविवारी संध्याकाळी तू बिशवात, झाडांचा सण. बेने इस्राएलांसाठी हा एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा दिवस. अलिबागजवळ खंडाळ्याला संदेष्टा प्रकट झाला अशी श्रद्धा आहे, खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. दिमोनात शेजारपाजारचे वीसेक जण जमले. परातीत मलीदा: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं, खजूर. हिब्रूत गाणी, मधूनच मराठी. सुनेची आई मोरोक्कोची. ती पोह्यांकडे जरा संशयाने बघत होती, दुसऱ्या वाढणीला मात्र स्वतःची वाटी पुढे केली.

(मराठी वाचकांना: दिमोना, बैर-शेबा, अश्दोद, लोद, रामला इथे बस स्टँडवरही मराठी कानावर पडतं. भारतीय दुकानं आहेत, पण जाताना पातळ पोहे, कोकम आणि दिवाळी अंक न्या. अंकांवर भांडणं झाली.)

सोमवार, लाखीश

रात्रीचं विमान, म्हणून वाटेवर शेवटचा मुक्काम लाखीश. टेकडीभर लाल अॅनिमोनची फुलं आलेली. यहूदाचं जेरुसलेमखालोखाल मोठं गाव. सन्हेरीबाने इ.स.पू. ७०१मध्ये हे घेतलं, आणि निनवेच्या राजवाड्यात त्याची कोरीव चित्रं लावली. ती आता लंडनला. त्याच्या लेखात हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडल्याची बढाई आहे, पण जेरुसलेम घेतल्याचं तो म्हणत नाही. म्हणून भिंतीवर चित्रं लाखीशची. नैऋत्येला अश्शुरी भरावाची उतरंड अजून दिसते, आत्ता तिच्यावर मेंढ्या होत्या.

वेशीच्या एका दालनात २०१६ साली देवघर मिळालं. वेदीची शिंगं छाटलेली, आणि कोपऱ्यात दगडी शौचकूप बसवलेलं. कुणी वापरलंच नाही असं तपासणीत निघालं. जागा बाटवण्यापुरतं ते. वेद्या अरादला निजवल्या, बैर-शेबाला भिंतीत चिणल्या, इथे अशी विटंबना. तिन्ही जागा पाठोपाठ बघितल्या म्हणून धर्मसुधारणा म्हणजे काय गदारोळ असतो ते समजलं.

वर सावली नाही, पाणी नाही. दोन्हीची सोय करून जा. विमानतळ तासाभरावर, पण तीन तास आधी पोचा, चौकशी लांबते.

याच वेशीच्या पहारेकऱ्यांच्या खोलीत १९३५ साली शाईने लिहिलेली खापरं मिळाली. बाबिलोनची फौज आली होती, जेरुसलेम पडायला थोडाच अवधी होता. एका चिठ्ठीत चौकीवरचा माणूस कळवतो की आम्ही लाखीशच्या अग्निखुणांकडे डोळे लावून आहोत, कारण अजेका दिसत नाही. यिर्मयाच्या पुस्तकात शेवटपर्यंत टिकलेली तटबंद गावं म्हणून हीच दोन नावं आहेत. पण माझं आवडतं खापर दुसरं. होशायाहू नावाचा कनिष्ठ अधिकारी आपल्या साहेबाला, याऊशला, लिहितो. साहेबाने आधी खरमरीत विचारलं असावं की तुला पत्र वाचता येत नाही का, एखादा लेखनिक बोलावून घे. होशायाहू भयंकर दुखावलाय. तुमचं पत्र आल्यापासून माझं मन आजारी आहे, तो म्हणतो. यहोवाची शपथ, मला पत्र वाचून दाखवायची आजवर कुणाची हिंमत झालेली नाही, आणि आलेलं प्रत्येक पत्र मी एकदा वाचलं की सगळं सांगू शकतो. राज्य बुडायला आलंय, नि हा गृहस्थ आपल्याला अडाणी म्हटलं म्हणून खापरभर भांडतोय. अक्षर, जाणकार सांगतात, बरं आहे. शुद्धलेखनात मात्र एक-दोन जागी साहेबाला बोलायला वाव आहे.